बाबांच्या वाटीतला बदाम

आमच्या कोलशेतच्या कारखान्यातून दर वर्षी दोघं-तिघं डेन्मार्कला ट्रेनिंगसाठी जातात. कंपनीची मूळ मालकी तिकडची. मी तिथे आठ महिने राहून आलेलो असल्यामुळे निघायच्या आधी ही मंडळी माझ्या टेबलाशी येतात. थंडीचे कपडे, सिमकार्ड, बसचा पास हे सगळं विचारून झालं की शेवटी खरा प्रश्न येतो. "सर, तिकडे खायचं काय?"

मला ते सांगायला आवडतं. मी सांगतो की त्यांचा तो काळा, जड, आंबूस, राय नावाच्या धान्याचा पाव खायला शिका. पहिल्या आठवड्यात तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागेल, तिसऱ्या आठवड्यात त्याच्याशिवाय पोट भरल्यासारखं वाटणार नाही. त्याच्या एका कापावर लोणी, त्यावर मुरवलेला हेरिंग मासा आणि कांद्याच्या चकत्या, की झालं स्मोरब्रो. ते हातात धरून खायचं नाही, काट्या-सुरीने खायचं. मासा गोडसर असतो, तेव्हा मनाची तयारी करून जा. डुकराचं चालत असेल तर त्याचे काप कुरकुरीत भाजून पांढऱ्या रश्शाबरोबर देतात, उकडलेले बटाटे सोबत. फ्रिकाडेलर म्हणजे खिम्याचे चपटे गोळे, आपल्या कटलेटच्या जवळचे, फक्त मिरची विसरलेले. उन्हाळ्यात गोड ताकासारखं एक थंडगार प्रकरण असतं, त्यात छोटी बिस्किटं चुरून खातात. आणि एबलस्कीवर तर आपल्या आप्प्यांचा सख्खा भाऊ. पात्रसुद्धा तेच, खळग्यांचं, बिडाचं.

"व्हेज काय मिळेल, सर?"

"बटाटा."

"आणि?"

"दुसरा बटाटा."

हसतात आणि जातात. गेल्या पावसाळ्यात मात्र एक इंजिनियर सगळं मोबाइलवर वाचून आला होता. म्हणाला, "सर, नाताळात ते लोक तांदळाची खीर करतात ना, तिच्यात एक अख्खा बदाम लपवतात. ज्याला मिळेल त्याला बक्षीस. ते तुम्ही सांगितलंच नाही."

"मी नाही खाल्ली ती," मी म्हणालो.

ती खीर मी खाल्ली आहे. घरी येऊन केलीही आहे. तिच्यात मी लपवलेला बदाम माझ्या वडिलांच्या फुप्फुसातून दुर्बीण घालून बाहेर काढावा लागला आणि त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. त्या बदामाचा दोष माझ्या बायकोवर आला. तो तिचा नव्हता, हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि सात वर्षं मी गप्प राहिलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढायचा हा प्रयत्न आहे.

मी डेन्मार्कला गेलो त्याच्या आदल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं आणि गिळण्याची शक्ती कमी झाली. पाणीसुद्धा घट्ट करायची पावडर घालून चमच्याने पाजावं लागे. गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेले नियम ताईने वहीच्या कागदावर लिहून आमच्या विठ्ठलवाडीच्या घरातल्या फ्रिजवर चिकटवले होते. जेवताना ताठ बसवायचं, हनुवटी खाली. एका वेळी अर्धा चमचा. दाणे, बदाम, पोहे, पापड, चुरमुरे पूर्ण बंद. घास झाल्यावर उजवा गाल बोटाने तपासायचा, कारण त्या गालात अन्न राहिलं तरी त्यांना कळत नाही.

हे सगळं करायला मी नव्हतो. ट्रेनिंगला नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं आणि मी होतो तिथेच राहिलो असतो, म्हणून मी गेलो. बायकोने शाळेच्या ऑफिसातली नोकरी अर्ध्या वेळाची करून घेतली. ताई माजिवड्याहून आठवड्यातून दोनदा यायची. आई होतीच, पण तिचे हात थरथरायचे, त्यामुळे बाबांना भरवायचं काम बायकोकडे आलं. आठ महिने दिवसातून चार वेळा तिने त्यांचा उजवा गाल तपासला. मी व्हिडिओ कॉलवर बघायचो. कॉलवर बाबा बरे दिसायचे.

तिकडे नाताळच्या संध्याकाळी माझ्या सुपरवायझरने मला घरी जेवायला बोलावलं. बदक होतं, साखरेच्या पाकात घोळवलेले बटाटे होते, लाल कोबी होता. शेवटी ती खीर आली. थंड, फेटलेल्या सायीत कालवलेली, त्यात बदामाचे तुकडे आणि वर चेरीचा गरम रस. तिचं नाव घ्यायला मला तीन वेळा शिकवावं लागलं, रिसालामांग. मग खेळाचे नियम सांगितले. खिरीत एकच बदाम अख्खा असतो. तो ज्याला सापडेल त्याने चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, बदाम गालात धरून गप्प बसायचं. बाकीच्यांनी खीर संपेपर्यंत शोधत राहायचं.

मी ताटल्या न्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा सुपरवायझर एका वाडग्यात अंगठ्याने बदाम दाबत होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं. वाडगा त्याच्या नव्वदीच्या आईचा होता. टेबलावर सगळे पोट फुटेपर्यंत खात राहिले, एकमेकांवर संशय घेत राहिले, आणि शेवटी म्हातारीने जीभ बाहेर काढली तर तिच्यावर बदाम. सगळ्यांनी कपाळाला हात लावले. नंतर सुपरवायझर मला म्हणाला, "गेली दहा वर्षं तीच जिंकते. सगळ्यांना माहीत आहे. तिलाही."

मला बाबांची आठवण झाली. बाबा एका कारखान्यात टाइमकीपर होते. पत्ते खेळताना दुसऱ्याच्या हातात डोकावणाऱ्याला दिवसभर खेळात घ्यायचे नाहीत, मग तो त्यांचा मेहुणा असो. झटक्यानंतर घरात कुठल्याच गोष्टीत त्यांचा भाग उरला नव्हता. सगळे एक जेवायचे, ते वेगळं, वाटलेलं. ही खीर मऊ होती. एक दिवस ते सगळ्यांबरोबर तेच खातील, आणि जिंकतील. त्या म्हातारीचे दात शाबूत होते, तिचा घसा शाबूत होता, हे माझ्या मनात आलंच नाही असं मी म्हणू शकत नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

जानेवारीत मी परत आलो. दुसऱ्याच रविवारी ताईला बोलावलं. मी स्वतः खीर केली. इतर बदाम मिक्सरमधून पिठासारखे काढले, बाबांना चालावेत म्हणून. एक अख्खा बदाम रात्रभर भिजवून सोलून ठेवला. बक्षीस म्हणून तिकडून आणलेली लोकरीची टोपी कागदात गुंडाळली, बाबांच्याच मापाची.

"आता हे काय नवीन," आई म्हणाली. "खिरीत लपाछपी."

"तिकडची माणसं रिकामी दिसतात," ताई म्हणाली. "आपल्याकडे खिरीत काही निघालं तर करणारीला बोलणी बसतात."

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती टोपीचं पुडकं दाबून दाबून आत काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करत होती.

बायकोने स्वयंपाकघरात मला विचारलं, "तो अख्खा बदाम पातेल्यात टाकलात का?"

"टाकला."

"मग बाबांची वाटी मी आधी काढते. बघून काढते."

बाबांची वाटी वेगळी ओळखू यायची, कारखान्याने निवृत्तीच्या वेळी दिलेली, तिच्यावर त्यांचं नाव कोरलेलं. तिने तीत खीर घातली, चमच्याच्या पाठीने ती वाटीच्या कडेपर्यंत पसरवली, पुन्हा एकत्र केली, पुन्हा पसरवली. मग म्हणाली, "यात नाही." बाकीच्या वाट्या भरल्या आणि बाबांना ताठ बसवायला, पाठीशी उशी द्यायला बाहेर गेली.

बदाम माझ्या खिशात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी तो बाबांच्या वाटीत अंगठ्याने दाबला. मऊ झालाय, जिभेखाली चिरडेल, असं स्वतःशी म्हणालो. मग वर चेरीचा रस ओतला.

बाहेर मी नियम समजावून सांगितले. बाबांकडे वाकून मोठ्याने सांगितलं, "बाबा, मिळाला तर कोणाला सांगायचं नाही. गालात धरायचा." त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांना मी भरवतो म्हणालो. बायकोने चमचा माझ्या हातात दिला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती सगळ्यांबरोबर जेवायला बसली.

तिसऱ्या की चौथ्या चमच्याला बाबांचे डोळे बदलले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळा मारला. ओठांचा चालणारा कोपरा किंचित वर गेला. त्यांनी बदाम गालात सरकवला. आता वाटतं, तो उजवा गाल होता.

"मिळाला का कोणाला?" आई.

"ताईआत्या, तू तोंड का मिटलंयस? आ कर," मुलगी म्हणाली.

"अगं, मी चावतेय. एवढ्या खिरीत चावायला काही नाही ते वेगळं."

"आई, तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे कवळी आहे, पुरे."

सगळे हसत होते. मुलीने दुसऱ्यांदा खीर घेतली, ताईने घेतली. मी बाबांना आणखी दोन चमचे दिले. गाल तपासला नाही, कारण गाल तपासला असता तर खेळ संपला असता. बाबा काही बोलले नाहीत. नियम होता तो त्यांनी पाळला. मग एकदम त्यांनी डाव्या हाताने टेबलावर दोनदा थाप मारली. मुलीला वाटलं ते जिंकल्याचं सांगताहेत, तिने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं आणि ढास लागली.

बायको उठून आली, त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापटलं. मिनिटभरात खोकला थांबला. श्वास नीट चालू झाला. तिने त्यांचं तोंड उघडून बघितलं, बोटाने दोन्ही गाल तपासले. काही नव्हतं.

"त्यांच्याकडे गेला होता का बदाम?" तिने मला विचारलं. ताईनेही माझ्याकडे बघितलं.

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, डब्यातला दुसरा बदाम घेतला, पातेल्यातल्या उरलेल्या खिरीत बुडवला आणि चमच्यात घेऊन बाहेर आलो. "हा बघा. तळाला राहिला होता."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ताई म्हणाली, "म्हणजे कोणीच नाही जिंकलं." टोपी मुलीने घेतली.

बाबांनी गिळला असेल, असं मी धरून चाललो. पोटात गेला तर काही होत नाही. त्यांना दोन दिवस काही झालंही नाही. तिसऱ्या दिवशी ताप आला, छाती घरघरायला लागली. कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजव्या बाजूला न्यूमोनिया आहे म्हणाले, आणि विचारलं, "काही ठसकलं होतं का? दाणा, बी, असं काही गेलं होतं का घशात?"

ताई माझ्या शेजारी उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "सगळं वाटूनच देतो."

बायकोने सांगितलं की खोकला आला होता, पण खिरीचा. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. औषधं चालू झाली. बदाम एक्स-रेमध्ये दिसत नाही, हे मला नंतर कळलं. पुढचे दोन दिवस मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून होतो, डॉक्टर चार वेळा माझ्यासमोरून गेले, प्रत्येक वेळी मी उठून उभा राहिलो आणि "कसे आहेत?" एवढंच विचारलं. तेव्हाच सांगितलं असतं तर किती फरक पडला असता ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत आजही नाही.

औषधांनी ताप उतरेना तेव्हा त्यांनी दुर्बीण घातली. बाहेर येऊन, जे सापडलं ते एका छोट्या बाटलीत दाखवलं. फुगलेला, करडा पडलेला, पण अख्खा.

"हा कुठून आला?" ताई म्हणाली. "तो तर पातेल्यात मिळालेला."

मी तेव्हा खरं बोलू शकलो असतो. बाबा जिवंत होते, माणसं घाबरलेली होती, रागावली असती आणि पुढच्या धावपळीत ते मागे पडलं असतं. मी म्हणालो, "मी दोन टाकले होते. इतक्या जणांत एक पुरणार नाही म्हणून."

सगळ्यांचे डोळे बायकोकडे वळले. वाटी तिने भरली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "चमच्याने पसरून बघितलं होतं. दोनदा."

"मग दिसला कसा नाही?" ताईने विचारलं. "अगं, एवढा मोठा बदाम."

"दिसला नाही," ती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं, मी काही सांगेन म्हणून. मी बाटलीकडे बघत राहिलो.

बाबा गेल्यानंतर आईने तिला एकदाही सरळ दोष दिला नाही. दिला असता तर भांडण होऊन मिटलं तरी असतं. आईने बायकोच्या हातचं वाढून घेणं बंद केलं. "मी घेते माझं," म्हणायची, आणि भात असो, उसळ असो, ताटात चमच्याच्या पाठीने पसरवून बघायची आणि मगच खायची. माझ्या बायकोच्या समोर, रोज, दोन्ही वेळा. तेराव्याला आलेल्या नातेवाइकांना आई सांगायची, "घाई झाली हो तिच्याकडून. एक बदाम दिसला नाही." ते मग डोंबिवलीत काकूंकडे गेलं, ठाण्यात मामेभावाकडे गेलं, गावी गेलं. लग्नकार्यात कोणी तिच्याकडून मुलाला भरवून घ्यायला लागलं की शेजारची बाई मूल आपल्याकडे ओढून घ्यायची. हे मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं आहे.

तिने विरोध केला नाही, कारण तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. बघितलं होतं आणि तरी होता, म्हणजे आपलं बघणंच खरं नाही. तांदूळ निवडायला बसली की तासभर तेच ताट पुढे-मागे करायची. पोळीच्या डब्याचं झाकण लावलं की पुन्हा उघडायची. शाळेत फीच्या पावतीवरचा आकडा दुसऱ्या कारकुनाला दाखवून घ्यायची, आणि मग तिला ऑफिसच्या दुसऱ्या कामावर टाकलं. मला म्हणायची, "आईंच्या गोळ्या तुम्हीच काढून द्या. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही." मी काढून द्यायचो. त्या वेळी मनात काय यायचं ते लिहायला मला लाज वाटते. मला बरं वाटायचं. ती माझ्यावर विसंबून होती आणि मी तिला समजून घेणारा नवरा होतो. "जाऊ दे, होतं असं," मी तिला म्हणायचो. सात वर्षांत मी हे वाक्य शेकडो वेळा म्हटलं असेल.

मागच्या दिवाळीनंतर ती डोळे तपासायला गेली. सात वर्षांतली तिसरी खेप. मी सोबत होतो. डॉक्टर बाईंनी सगळं तपासलं. जवळचा किरकोळ नंबर, वयाचा. बाकी काही नाही.

"मग मला एक सांगा," बायकोने विचारलं, "माणूस एखादी गोष्ट समोर असताना बघतो आणि ती त्याला दिसत नाही, असं होतं का?"

"घाईत होतं."

"घाई नव्हती. दोनदा बघितलं होतं."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं, नवरे अशा वेळी सांभाळून घेतात तसं मी काही बोलेन म्हणून. मग त्या म्हणाल्या, "हवं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मनाची शंका जाईल." आणि चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवताना तिचे हात अगदी स्थिर होते. तिने मनाशी ठरवलं होतं की तिच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. बाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत आमच्या पुढे सहा जण होते.

"कुठे दाखवू या?" ती म्हणाली. "ठाण्याला?"

"नको," मी म्हणालो. "वाटीत बदाम नव्हता."

तिने माझ्याकडे बघितलं.

"तू बघितलंस तेव्हा नव्हता. तू बाबांना उशी द्यायला गेलीस तेव्हा मी टाकला. मुद्दाम. ते जिंकावेत म्हणून. पातेल्यात मी बदाम टाकलाच नव्हता. जो दाखवला तो डब्यातला होता. दोन टाकल्याचं खोटं सांगितलं. डॉक्टरांनाही."

रांग पुढे सरकली. ती सरकली नाही. मागच्या बाईने विचारलं, "जाताय का तुम्ही?" बायको बाजूला झाली, भिंतीला टेकली. बराच वेळ ती रस्त्याच्या पलीकडे, एका औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होती. मला वाटतं ती पाटी वाचत होती.

"म्हणजे नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"दोन्ही वेळा नव्हता."

"नव्हता. माझी चूक होती. सगळी."

"ते नंतर," ती म्हणाली, आणि एकटी रिक्षात बसून गेली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "ताईंना बोलवा. आईंना आणि त्यांना एकत्र सांगा. मी समोर असेन."

ताई आली. मी सांगितलं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. माझी मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती, सोळा वर्षांची. तिला मी तिथून जा म्हणालो नाही. तिने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या, तिलाही ऐकायचा हक्क होता.

सांगून झाल्यावर मी आईच्या ओरडण्याची वाट बघत होतो. मला ते हवं होतं. आईने पदराने डोळे पुसले, मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सात वर्षं एकट्याने सोसलंस रे," ती म्हणाली. "बाबांना आनंद द्यायलाच गेलास ना. तुझा काय दोष त्यात."

ताई म्हणाली, "मन मोठं लागतं असं कबूल करायला."

बायको खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे कोणी वळलं नाही. आईचा हात माझ्या डोक्यावर होता आणि मी तो बाजूला केला नाही, हेही मला लिहायला हवं. कितीतरी वर्षांनी मला इतकं हलकं वाटलं होतं. मी मान वर केली तेव्हा बायको आमच्या तिघांकडे बघत होती, एखाद्या परक्या घरातली माणसं बघावीत तशी.

"आई," ती म्हणाली, "हेच मी केलं असतं तर?"

आई म्हणाली, "आता तो विषय कशाला? मिटलं ना."

बायको उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला एक कागद दिला. त्यावर नावं होती. काकू, मामेभाऊ, शेजारचे दोघे, तिची स्वतःची आई, तिचा भाऊ, शाळेतली एक मैत्रीण, गावची चार घरं.

"जिथे जिथे माझं नाव गेलंय तिथे तिथे जाऊन सांगायचं," ती म्हणाली. "फोनवर नाही. मी सोबत येणार."

आत्तापर्यंत पाच घरं झाली. सगळीकडे जवळजवळ सारखंच होतं. मी सांगतो. घरातले गंभीर होतात, मग कोणीतरी माझ्या गुडघ्यावर थोपटतं. "अरे, मुद्दाम का कोणी करतं. बापासाठीच केलंस." मामेभावाने तर मला निघताना मिठी मारली. बायकोच्या आईने मला काही म्हटलं नाही, पण आपल्या मुलीलाही म्हटलं नाही. चहा दिला आणि भाव वाढलेत वगैरे बोलत राहिली. फक्त तिचा भाऊ उठून गेला आणि आम्ही निघेपर्यंत परत आला नाही. मला तेवढाच एक माणूस बरोबर वाटला.

ती प्रत्येक घरी माझ्या शेजारी बसते, चहा घेते आणि ऐकते. मी बोलत असताना ती माझ्याकडे बघत नाही, समोरच्यांकडे बघते. ती एका वाक्याची वाट बघते आहे. आमचं तुझ्याबद्दल चुकलं, असं कोणीतरी तिला म्हणावं. ते अजून कोणी म्हटलेलं नाही. मी एकदा रस्त्यात तिला म्हणालो, "मी म्हणतो ना." ती म्हणाली, "तुम्हाला तर माहीतच होतं."

मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिने फाडून टाकली. आईला आता तिने वाढलेलं चालतं. ती वाढते, आणि आई जेवत असताना दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. ती या घरात किती दिवस राहील ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. कागदावरची नावं संपल्यावर सांगेल, असं मला वाटतं. गावची घरं मे महिन्यात होतील. त्याआधी काकूंकडे जायचं आहे, डोंबिवलीला, येत्या रविवारी चार वाजता. मी फोन करून आम्ही येतोय एवढंच कळवलं आहे. काकू म्हणाल्या, "या की. तिलाही आण, पण स्वयंपाकघरात मदत वगैरे नको म्हणावं, मी करते सगळं."

ते वाक्य मी बायकोला सांगितलं. पूर्वी मी ते गाळलं असतं.